जुनी स्पोर्ट्स मोटार आणि तिचे नवे भाग

इंग्लंडमधील ऑक्सफर्ड शहराच्या दक्षिणेस, टेम्स नदीच्या काठी, ॲबिंग्डन नावाचे एक लहानसे जुने गाव आहे. तेथील कारखान्यात १९६२ पासून १९८० पर्यंत ‘एमजीबी’ या नावाची स्पोर्ट्स मोटार तयार होत असे. बैठी बांधणी, दोन आसने, वर घडीचे छप्पर आणि पुढच्या बाजूस चार सिलिंडरांचे साधे इंजिन, असे तिचे स्वरूप होते. पुढे १९६५ साली पक्क्या छपराची ‘जीटी’ ही तिची बहीणही निघाली. अठरा वर्षांत पाच लाखांहून अधिक गाड्या त्या कारखान्यातून बाहेर पडल्या आणि त्यांपैकी फार मोठा वाटा समुद्रपार अमेरिकेत गेला. १९८० च्या ऑक्टोबरात ॲबिंग्डनच्या कारखान्याची दारे बंद झाली.

कारखाना बंद पडला म्हणजे काही वर्षांत त्याच्या मोटारींचे सुटे भाग दुर्मिळ होतात आणि मग त्या मोटारी एकेक करून भंगारात जातात, हा सर्वसाधारण अनुभव आहे. एमजीबीच्या बाबतीत मात्र नेमके उलटे घडले. आज तिचा जवळजवळ प्रत्येक भाग नवा मिळू शकतो. इतकेच नव्हे, तर एकाच भागाचे तीन-चार प्रकार मिळतात: जसा होता तसा, त्याहून बळकट, त्याहून हलका, आणि अर्थात त्याहून स्वस्त. यामुळे अशी मोटार बाळगणाऱ्यापुढे ‘भाग मिळेल काय’ हा प्रश्न उरलेला नसून ‘कोणता घ्यावा’ हा प्रश्न उभा राहिला आहे, आणि हा दुसरा प्रश्न पहिल्याहून अवघड आहे.

भारतीय वाचकास ही गाडी वाटते तितकी परकी नाही. बंगालमधील उत्तरपाडा येथे तयार होणाऱ्या अँबॅसडर मोटारीत १९५९ पासून १४८९ घन सेंटिमीटरचे पेट्रोल इंजिन बसविले जाऊ लागले. ते ब्रिटिश मोटार कॉर्पोरेशनच्या ‘बी’ मालिकेतील होते. एमजीबीचे १७९८ घन सेंटिमीटरचे इंजिनही त्याच मालिकेतले. दोहोंत दट्ट्याची धाव ८८.९ मिलिमीटर एवढीच आहे. फरक आहे तो सिलिंडरच्या व्यासात, एकीकडे ७३ आणि दुसरीकडे ८०.२६ मिलिमीटर. अँबॅसडरचे उत्पादन २०१४ साली थांबले; परंतु ज्या मिस्त्रीने तिचे इंजिन एकदा उकलून पुन्हा जोडले आहे, त्याला एमजीबीचे इंजिन उघडल्यावर आपण ओळखीच्या घरात आलो असेच वाटेल.

‘मूळ’ म्हणजे काय?

जुन्या मोटारींच्या बाजारात ‘मूळ भाग’ हे शब्द फार सैलपणे वापरले जातात. त्यांचे निदान तीन अर्थ होतात आणि तीनही अर्थांची किंमत वेगवेगळी असते.

पहिला अर्थ असा, की तो भाग त्या काळीच तयार झाला आणि कोठल्या तरी कोठारात न वापरता पडून राहिला. दंतचक्र, क्रँकशाफ्ट, दिव्याची काच अशा वस्तूंच्या बाबतीत याहून चांगले काही नाही; तेलकट कागदात गुंडाळलेल्या पोलादाला चाळीस वर्षांनी फारसे काही होत नाही. रबराची गोष्ट निराळी आहे. रबर म्हणजे लांबच लांब साखळ्यांसारख्या रेणूंचे जाळे असते. हवेतील ऑक्सिजन आणि ओझोन त्या साखळ्या हळूहळू तोडतात किंवा त्यांना एकमेकींशी नको तितके जखडून टाकतात. पहिल्याने रबर चिकट होते, दुसऱ्याने ते कडक होऊन त्यास भेगा पडतात. ही क्रिया गाडी चालो वा न चालो, भाग खोक्यात असो वा गाडीत असो, चालूच राहते. म्हणून चाळीस वर्षे खोक्यात पडून राहिलेला ब्रेकचा रबरी नळ हा ‘नवा’ नव्हे. तो केवळ न वापरलेला आहे. टायरांनाही हेच लागू आहे. नक्षी शाबूत असली तरी कडेवरील चार आकडे वाचावेत. २००० सालापासून त्यांतील पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष दाखवितात.

दुसरा अर्थ असा, की भाग आज तयार झाला, परंतु जुन्याच साच्यांवर. याचे सर्वांत मोठे उदाहरण याच गाडीने घालून दिले आहे. एमजीबीच्या सांगाड्याचे पत्रे दाबून काढणारे मूळ साचे शोधून काढून ‘ब्रिटिश मोटर हेरिटेज’ या संस्थेने १९८८ साली संपूर्ण नवा सांगाडा बाजारात आणला. गाडीचे उत्पादन थांबून आठ वर्षे लोटल्यावर तिचे शरीर पुन्हा कारखान्यातून बाहेर पडू लागले! इतकेच नव्हे, तर त्याच सांगाड्यावरून पुढे १९९३ ते १९९५ या काळात ‘आरव्ही ८’ नावाची नवी मोटारच काढण्यात आली. सुमारे दोन हजार गाड्या झाल्या आणि त्यांतील बहुतेक जपानमध्ये गेल्या.

तिसरा अर्थ सर्वांत घोटाळ्याचा आहे. कोणीतरी जुना भाग नमुना म्हणून समोर ठेवतो, त्याची मापे घेतो आणि तसाच दिसणारा नवा भाग घडवितो. नमुना झिजलेला असेल तर नकलेत झीजही उतरते. नमुन्याचे आकारमान मोजता येते, परंतु त्याच्या धातूवर केलेली उष्णक्रिया किंवा रबरातील घटकांचे प्रमाण डोळ्यांस दिसत नाही. डिस्ट्रिब्यूटरमधील रोटर हा अंगठ्याएवढा तुकडा याचे चांगले उदाहरण आहे. त्याच्या डोक्यावरील पितळी पट्टीतून हजारो व्होल्टचा प्रवाह क्रमाक्रमाने प्रत्येक ठिणगीप्लगकडे जातो. मूळ रोटरमध्ये ही पट्टी साच्यातच बसविलेली असे. पुढे निघालेल्या कित्येक स्वस्त नकलांमध्ये ती रिव्हेट ठोकून बसविलेली आढळते. रिव्हेटचे टोक खालच्या लोखंडी दांड्याच्या फार जवळ आले, किंवा प्लॅस्टिकच पुरेसे विद्युद्रोधक नसले, म्हणजे ठिणगी प्लगकडे जाण्याऐवजी प्लॅस्टिक भेदून दांड्यात उतरते. इंजिन थंड असता हे बहुधा घडत नाही. ते घडते उन्हातान्हात, गाडी तापल्यावर, घरापासून दूर. मालक कार्ब्युरेटर खोलतो, पेट्रोलचा पंप तपासतो, कॉइल बदलतो. दोष मात्र सर्वांत स्वस्त वस्तूत दडलेला असतो. ज्या भागाच्या बिघाडाने गाडी जागच्या जागी थांबते, त्या भागात काटकसर करू नये, हे येथे सहज पटते.

आट्यांविषयीही येथेच दोन शब्द सांगितले पाहिजेत. एमजीबीचे बहुतेक नट-बोल्ट ‘यूएनएफ’ या इंची मानाचे आहेत. त्यातील पाच-सोळांश इंची बोल्टाचा व्यास ७.९४ मिलिमीटर भरतो. आज सर्वत्र मिळणारा मीटरमानाचा बोल्ट ८ मिलिमीटरचा असतो. हा फरक नखाएवढाही नाही. परंतु पहिल्यास एका इंचात २४ आटे असतात, दुसऱ्यास सुमारे वीस. घाईत हाती लागलेला बोल्ट दोन फेरे सहज जातो, तिसऱ्या फेऱ्यास अडतो, आणि मग पाना जोराने ओढणाऱ्याच्या हातून ओतीव लोखंडातले आटे कायमचे मरतात.

सांगाडा आधी

भाग निवडण्याचा विचार बहुधा इंजिनापासून सुरू होतो. तो सुरू व्हावयास पाहिजे दारांच्या खालून. एमजीबीला स्वतंत्र चेसिस नाही. घड्या घालून, जोडून, वेल्ड केलेले पत्रे हाच तिचा सांगाडा होय. पक्के छप्पर असलेल्या गाडीत वाकविणारा ताण काही अंशी छपरातून वाहून नेला जातो. उघड्या गाडीत तो जवळजवळ सगळा दारांखालील दोन लांब पोकळ पेट्यांवर पडतो. इंग्रजीत त्यांना सिल म्हणतात. प्रत्येक पेटीत बाहेरचा पत्रा, आतला पत्रा आणि मध्ये उभा पडदा, असे तीन थर असतात. त्यांत पाणी व चिखल शिरतो आणि गंज आतून सुरू होतो. बाहेरचा रंग चकाकत असताना आतील पडदा चाळणीसारखा झालेला असू शकतो.

बाजारात या जागी चढविण्याकरिता एक वरवरचा पत्रा मिळतो. तो स्वस्त असतो, एका दिवसात बसतो आणि दिसतोही चांगला. पण तो ताण घेत नाही. तो केवळ रोग झाकतो. तिन्ही थर कापून नवे बसविणे हाच खरा उपाय आहे. तो करताना गाडीस योग्य आधार देऊन दारांच्या चौकटीत तात्पुरते लोखंडी ताण बसवावे लागतात, नाही तर मधला भाग खचतो आणि नवे पत्रे त्या खचलेल्या आकारातच कायमचे वेल्ड होतात. मग दार बसत नाही. जाणकार खरेदीदार प्रथम दाराची मागची फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे की नाही हे पाहतो, ते यासाठीच. ज्या गाडीच्या सिल कुजल्या आहेत तिच्या इंजिनाची शक्ती वाढविणे हे अविचाराचे आहे.

पेट्रोल बदलले, इंजिन तेच

एमजीबी घडविणाऱ्यांनी ज्या पेट्रोलचा हिशेब केला ते पेट्रोल आज अस्तित्वात नाही. त्या काळच्या पेट्रोलमध्ये टेट्रा-एथिल-लेड हे शिशाचे संयुग मिसळलेले असे. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ टॉमस मिजली यांनी १९२१ साली त्याचा गुण शोधून काढला. इंजिनातील ठोके थांबविणे हे त्याचे मुख्य काम. पण त्यापासून आणखी एक लाभ अनायासे होई. शिशाच्या संयुगांचा पातळ थर उत्सर्जन झडपेच्या बैठकीवर बसे आणि तो लालभडक झडप व ओतीव लोखंडी बैठक यांमध्ये अस्तरासारखा राही. मानवी आरोग्यास, विशेषतः मुलांच्या मेंदूस, शिसे घातक असल्याने ते पेट्रोलातून काढून टाकणे अवश्यच होते. ब्रिटनमध्ये १ जानेवारी २००० पासून शिसेयुक्त पेट्रोलची सर्वसाधारण विक्री थांबली आणि भारतात त्याच वर्षीच्या फेब्रुवारीपासून सर्व देशभर शिसेविरहित पेट्रोल आले.

अस्तर गेल्यावर झडप व बैठक यांचे सूक्ष्म बिंदू प्रत्येक आघातास क्षणभर एकमेकांस चिकटतात आणि सुटताना बैठकीचे कण उपटून नेतात. झडप हळूहळू बैठकीत रुतत जाते. उपाय ठाऊक आहे: इंजिनाचे डोके उतरवून उत्सर्जन झडपांखाली कठीण मिश्रधातूच्या कड्या बसवावयाच्या. प्रश्न आहे तो ‘केव्हा’ हा. ही झीज दीर्घकाळ वेगाने धावणाऱ्या इंजिनात जलद होते. रविवारी सकाळी तासभर फिरणाऱ्या गाडीत ती इतकी सावकाश होते, की निरोगी इंजिन केवळ याच भीतीने उघडण्याचे कारण नाही. त्याचे मोजमाप प्रत्येक मालकाच्या हाती आहे. या इंजिनात झडपेचा दांडा आणि वरील रॉकर यांमध्ये थंड स्थितीत ०.०१५ इंच, म्हणजे सुमारे ०.३८ मिलिमीटर, फट ठेवावी लागते. झडप रुतू लागली म्हणजे तिचा दांडा वर सरकतो आणि फट कमी होते. दर तपासणीस तीच झडप पुन्हा पुन्हा घट्ट झालेली आढळली तर कड्या बसविण्याची वेळ आली असे समजावे. अन्य कारणाने डोके उतरवावे लागले तर मात्र त्याच वेळी हे काम उरकून घेणे शहाणपणाचे.

दुसरा बदल याहून अलीकडचा आहे. ग्रेट ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून सामान्य पेट्रोलात दहा टक्क्यांपर्यंत एथिल अल्कोहोल, म्हणजे इथेनॉल, मिसळू लागले. भारतात हे प्रमाण २०२५ साली वीस टक्क्यांपर्यंत पोहोचले. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते, जुन्या जातीचे रबर फुगविते वा मऊ करते, आणि स्वतःत ऑक्सिजन बाळगून असल्याने कार्ब्युरेटरमधील मिश्रण पातळ करते. दहा टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलास त्याच प्रमाणात हवेशी जुळण्यासाठी सुमारे चार टक्के अधिक इंधन लागते. एमजीबीच्या दोन एसयू कार्ब्युरेटरांत याची सोय जन्मतःच आहे. खालचा नट फिरवून जेट किंचित खाली उतरविला की मिश्रण दाट होते. तेवढ्याने न भागल्यास वेगळ्या निमुळतेपणाची सुई मिळते. जे नट फिरवून भागत नाही ते म्हणजे पेट्रोलची रबरी नळी. ती फ्लोरिनयुक्त रबराचे अस्तर असलेली घ्यावी. गरम एग्झॉस्टच्या जवळून जाणारी नळी फुटली तर गाडी थांबत नाही, पेटते. या एका वस्तूसाठी ‘मूळचीच हवी’ असा हट्ट धरणे हे सर्वस्वी चुकीचे होय.

इंजिनाचे तेल हाही एक भागच समजावयास हरकत नाही. या इंजिनात कॅमशाफ्टचे उंचवटे सपाट टॅपेटांवर घासत फिरतात. तेथील प्रचंड दाबाखाली जस्त व फॉस्फरस यांचे एक संयुग धातूस वाचविते. आधुनिक मोटारींच्या एग्झॉस्टमधील उत्प्रेरकास फॉस्फरस बाधतो, म्हणून नव्या तेलांत त्याचे प्रमाण कमी केलेले असते. सर्वांत महाग आणि सर्वांत नवे तेल या इंजिनास सर्वांत चांगले असते असे नव्हे.

थांबविण्याची शक्ती

गाडी अधिक वेगाने पळावी असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ब्रेकचा विचार त्यापूर्वी करावा लागतो आणि त्यामागे साधे गणित आहे. माणसांसह एक हजार किलोग्रॅम भरणारी गाडी ताशी ५० किलोमीटर वेगाने जात असता तिच्यात सुमारे ९६ किलोज्यूल गतिज ऊर्जा असते. वेग १०० झाला की ती ३८६ होते आणि १४० झाला की ७५६. गाडी थांबविणे म्हणजे ही सारी ऊर्जा काही सेकंदांत उष्णतेत बदलणे. १०० किलोमीटर वेगावरील ऊर्जा जर सगळी दहा किलोग्रॅम लोखंडात गेली, तर ते लोखंड एका थांब्यात सुमारे ८४ अंशांनी तापेल. घाटाच्या उतारावर असे दहा थांबे लागोपाठ घेतल्यास काय होईल याची कल्पना यावरून करता येईल.

एमजीबीस पुढे २७३ मिलिमीटर व्यासाच्या तबकड्यांचे आणि मागे २५४ मिलिमीटरच्या ढोलांचे ब्रेक आहेत. साध्या वापरासाठी ते पुरेसे आहेत, फक्त ते मूळच्या स्थितीत असले पाहिजेत. आणि तेथेच सारे अडते. जुन्या रबरी नळाचे आतील अस्तर फुगून छिद्र अरुंद होते. पायाच्या जोराने तेल पुढे जाते, पाय काढल्यावर परत येत नाही, आणि चाक घासत राहते. ब्रेकचे सर्वसाधारण तेल ओलावा शोषते. ‘डॉट ४’ जातीचे कोरडे तेल २३० अंशांच्या खाली उकळू नये असा दंडक आहे. पाणी मुरलेल्या तेलासाठी तोच दंडक १५५ अंशांवर येतो. तेल उकळले की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पायाखालचा पेडल काही न करता तळाशी जातो.

यामुळे निवडीचा क्रम असा लागतो: प्रथम नवे नळ, नवे तेल, शिलिंडरांतील नवे रबरी वॉशर, मग चांगल्या प्रतीचे पॅड, आणि त्यानंतर, खरोखर गरज असल्यास, मोठ्या किंवा हवेशीर तबकड्या. शर्यतीचे पॅड गावातील गाडीस घालू नयेत, कारण ते तापल्याशिवाय धरत नाहीत आणि सकाळच्या पहिल्या चौकात गाडी तापलेली नसते. निर्वाताच्या जोरावर चालणारा सर्व्हो पुष्कळांना ‘शक्तिवर्धक’ वाटतो. तो पायाचे श्रम कमी करतो. तबकडीची उष्णता सामावण्याची ताकद तो तिळभरही वाढवीत नाही. आणि केवळ पुढचे ब्रेक जबर करून मागचे तसेच ठेवले, तर पुढची चाके आधी अडकून घसरू लागतात.

एक भाग बदलला की शेजारच्या भागाचे काय, हा प्रश्न येथून पुढे सतत येत राहतो. तारांच्या चाकांचे उदाहरण घ्या. ही चाके दातेरी हबवर बसतात. हबचे दाते झिजले असता नवे चाक आणून चढविले, तर झिजलेले दाते नव्या चाकाचे दाते महिन्या-दोन महिन्यांत खातात. खर्च वाचविण्यासाठी निम्मे काम केले आणि पुढे सगळे दोनदा करावे लागले, असा हा प्रकार होय.

कमानी, बुश आणि मोह

एमजीबीच्या मागे पाट्यांच्या कमानी आहेत, पुढे गुंडाळीच्या स्प्रिंगा आहेत आणि चारही चाकांस जुन्या पद्धतीचे दांड्याचे शॉक अब्सॉर्बर आहेत. पुढच्या बाजूस या शॉक अब्सॉर्बरचा दांडाच चाक धरून ठेवणाऱ्या वरच्या भुजेचे काम करतो. म्हणून त्याचा धारवा झिजला तर केवळ धक्के वाढत नाहीत, चाकाचा कोनही बदलतो. त्यात जाड तेल भरून तो ‘कडक’ करण्याची एक घरगुती युक्ती प्रचलित आहे. तिने झीज जात नाही; झडपांतून तेल वेळेवर वाहत नाही, एवढेच साधते. चांगल्या कारागिराने नवे धारवे घालून पुन्हा बांधलेला मूळ शॉक अब्सॉर्बर रस्त्यावरील गाडीस बहुधा पुरतो. आधुनिक नळीच्या आकाराचे शॉक अब्सॉर्बर बसविण्याचे संच मिळतात आणि त्यांतील काही उत्तम आहेत. पण त्यांना आधार देणारी जागा गंजलेली नाही ना, हे आधी पाहावे.

सुधारणा स्वस्तात कशी होते याचा सुरेख नमुना रबरी बुशांत आहे. १९७३ ते १९७६ या काळात याच गाडीत आठ सिलिंडरांचे इंजिन घालून ‘जीटी व्ही ८’ ही आवृत्ती निघाली. तिच्या जेमतेम २,५९१ गाड्या झाल्या. तिच्या खालच्या भुजांसाठी पोलादी नळी असलेले अधिक टिकाऊ रबरी बुश वापरले गेले. ते साध्या एमजीबीतही बसतात. कित्येक वर्षे जाणकार तेच घालीत आले आहेत. चाक अचूक राहते, रबराची लवचीकता जात नाही, आणि बाहेरून काही बदलल्याचे दिसतही नाही. याउलट पॉलियुरेथेनचे रंगीत बुश प्रत्येक सांध्यात ठोकले, तर रस्त्याचा प्रत्येक खडा चालकाच्या पाठीपर्यंत पोहोचतो.

उंचीचा प्रश्नही असाच आहे. अमेरिकेतील बंपरविषयक नियमांसाठी १९७४ च्या अखेरीपासून गाडी सुमारे दीड इंच उंच करण्यात आली. भरीला साध्या उघड्या गाडीतील पुढचा झोकरोधक दांडाही काढण्यात आला. वळणावर गाडी इतकी कलू लागली, की १९७७ च्या मालिकेसाठी कारखान्याने पुढचा दांडा परत दिला आणि मागेही एक बसविला. आज अशी गाडी सुधारू इच्छिणाऱ्याने स्प्रिंगा कापण्यापूर्वी कारखान्याची ही दुरुस्ती स्वतःच्या गाडीत आहे की नाही ते पाहावे.

वेग कशाने वाढतो?

जोराने धावणाऱ्या गाडीस बहुतांश विरोध हवेचा असतो आणि तो भेदण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. एमजीबीच्या इंजिनाची शक्ती ९५ अश्वशक्ती सांगितली जाई आणि कमाल वेग ताशी १६५ किलोमीटरच्या आसपास होता. शक्ती दहा टक्क्यांनी वाढविली तर तो वेग वाढतो केवळ तीन टक्क्यांनी, म्हणजे ताशी पाच किलोमीटरांनी. शक्ती दुप्पट केली तरी वेग सव्वापटच. बारीकसारीक भागांवर जी मोठी रक्कम खर्च होते तिचे फळ या गणिताबाहेर जाऊ शकत नाही. चढावर व वेग घेताना लाभ अधिक जाणवतो, हे खरे.

या इंजिनाचा अडथळा त्याच्या डोक्यात आहे. पहिला व दुसरा सिलिंडर एकाच वाटेने मिश्रण घेतात, तिसरा व चौथा दुसऱ्या एकाच वाटेने. म्हणून कार्ब्युरेटर मोठे केले आणि वाट तीच ठेवली तर फारसे साधत नाही. आधी डोक्यातील वाटा व झडपा जाणत्या हाताने सुधारल्या पाहिजेत. ‘तीव्र’ कॅमशाफ्टचा मोहही आवरावा. तो शक्ती निर्माण करीत नाही, ती वरच्या फेऱ्यांकडे ढकलतो, आणि खालच्या फेऱ्यांत, जेथे गाडी निम्मे आयुष्य काढते, तेथे इंजिन अडखळते. १९६४ पर्यंतच्या इंजिनांत क्रँकशाफ्टला तीनच मुख्य धारवे आहेत, पुढच्यांत पाच. जुन्यास वरच्या फेऱ्यांत फार ताणू नये.

लांब पल्ल्यावर जाणाऱ्यास सर्वांत सुख देणारी सुधारणा इंजिनात नसून गिअरपेटीच्या मागे आहे. ओव्हरड्राइव्ह हे यंत्र कारखान्यातूनच मिळत असे. ते जोडताच त्याच वेगास इंजिनाचे फेरे सुमारे पाचव्या भागाने कमी होतात. आवाज, तेलाची उष्णता आणि पेट्रोलचा खर्च सगळेच उतरते. नव्या मोटारींच्या पाच गतींच्या गिअरपेट्या बसविण्याचे संचही निघाले आहेत. त्यांनी काम होते. पण ओव्हरड्राइव्ह या गाडीच्या घरचे आहे.

विजेविषयी एवढेच, की १९६७ पर्यंतच्या गाड्यांत बॅटरीचे धन टोक सांगाड्यास जोडलेले आहे आणि डायनॅमो आहे. त्यानंतर ऋण टोक व अल्टरनेटर. इलेक्ट्रॉनिक प्रज्वलनाचा संच घेताना हे पाहिले नाही तर तो पहिल्या किल्लीस जळतो.

काढलेला भाग

कोणता बदल करावा याला अलीकडे कायद्याचीही एक बाजू आली आहे. ब्रिटनमध्ये मे २०१८ पासून चाळीस वर्षांहून जुन्या मोटारींना वार्षिक तपासणीतून सूट मिळते. मात्र मागील तीस वर्षांत सांगाडा, अक्ष वा इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा. गाडीचे उत्पादन चालू असताना, किंवा ते संपल्यापासून दहा वर्षांच्या आत, ज्या जातीचे बदल केले जात त्यांना हरकत नाही. भारतात जुलै २०२१ मध्ये केंद्रीय नियमांत सुधारणा होऊन पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी ‘व्हीए’ अक्षरांची स्वतंत्र नोंदणी सुरू झाली. तिलाही अट तीच: चेसिस, सांगाडा व इंजिन यांत मोठा फेरफार नसावा. याचा अर्थ, कमानींतील बुश बदलला तर कोणी विचारणार नाही, परंतु आठ सिलिंडरांचे परके इंजिन घातले तर कागदोपत्री ती गाडी जुनी राहीलच असे नाही.

या कारणाने भोक न पाडता, न कापता, मूळच्या बोल्टांवर बसणारी सुधारणा नेहमी श्रेयस्कर ठरते. काढलेला भाग टाकून देऊ नये. तो रॉकेलने धुऊन, ग्रीस लावून, तेलकट कागदात बांधावा आणि केव्हा व का काढला याची चिठ्ठी त्यास बांधून ठेवावी. डायनॅमो, गिअरपेटी, कार्ब्युरेटर, अगदी झिजलेले हबसुद्धा कधी तरी कोणास नमुना म्हणून लागतात. रबरी भाग तेवढे ठेवू नयेत.